बासरी वाजली की खताची जाहिरात

रेडिओत नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "मग काहीतरी बोलून दाखवा ना!" लग्नात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे हाच अनुभव. माझा आवाज घोगरा आहे. माईकसमोर मी उभ्या नोकरीत एकदाच बोलले, तेही "चालू आहे का?" एवढंच. दुर्दैवानं ते चालूच होतं आणि सुरतभर ऐकू गेलं.

माझं काम बोलणाऱ्यांच्या पाठीमागचं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई. आमचे वडील शिरपूरकडून सुरतेला लूम दुरुस्त करायला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरात अहिराणी, बाजारात गुजराती, ऑफिसात हिंदी आणि कागदावर मराठी असा माझा चौकोनी संसार. या लेखातली बहुतेक माणसं माझ्याशी अहिराणीतच बोलली. सगळ्यांना कळावं म्हणून त्यांचं बोलणं बरंचसं मराठीत लिहिते आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे जसंच्या तसं ठेवलं आहे.

आधी धंदा समजावून सांगते, कारण तो माझ्या नवऱ्यालाही निवृत्तीपर्यंत नीट कळला नाही.

आमचं इंटरनेट रेडिओ केंद्र सुरतेत. रविवारी सकाळी खानदेशी लोकांसाठी आमचा थेट कार्यक्रम असे. मोबाईलवर तो सुरतेत ऐकू येई, शिवाय बारडोली, नवापूर आणि अमळनेर या तीन गावांसाठी त्याच्या वेगळ्या शाखा होत्या. कार्यक्रम एकच, पण जाहिराती ज्या त्या गावच्या. सुरतेतल्या नवागाम वस्तीत राहणाऱ्या खानदेशी माणसाला अमळनेरच्या खताच्या दुकानाचा काय उपयोग? आणि अमळनेरच्या शेतकऱ्याला रिंगरोडवरच्या साड्यांच्या सेलचं काय सुख? म्हणून मध्यंतर झालं की सुरतेत सुरतेची जाहिरात, बारडोलीत बारडोलीची, अमळनेरला अमळनेरची, आणि ती संपली की सगळे पुन्हा मूळ कार्यक्रमावर, असं व्हायला हवं.

त्या तीन गावांत आमचं माणूस नव्हतं. एकेक कॉम्प्युटर होता, आणि तो दिवसभर आमचा आवाज ऐकत बसलेला असे. मध्यंतराला कार्यक्रम सादर करणारी रेखा एक बटण दाबी. त्याबरोबर आवाजात एक बारीक, ठरावीक उंचीचा सूर मिसळे. तो सूर ऐकला की तिकडचा कॉम्प्युटर समजे, आता आपली जाहिरात लावायची. या सुराला क्यू टोन म्हणतात. आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो. श्रोत्यांना ती ऐकू येत नसे, कारण तिकडचा कॉम्प्युटर आवाज क्षणभर रोखून धरत असे आणि शिट्टी कापून उरलेलं पुढे सोडत असे.

लोक विचारतात, एवढी भानगड कशाला, घड्याळ लावून ठेवायचं. पण थेट कार्यक्रमात माणसं बोलत असतात. रेखासमोर एखादी नवागामची मावशी बसली आणि सासूच्या आठवणी सांगायला लागली, तर कुठलं घड्याळ तिला थांबवणार? मावशी थांबेल तेव्हाच मध्यंतर. म्हणून शिट्टी. ती नीट वाजते का आणि नीट ओळखली जाते का, हे बघणारी मी.

हे काम बरोबर चाललं तर कुणालाच दिसत नाही. बिघडलं की मात्र पहिला फोन मलाच. कापड बाजारातले एक शेठ होते, त्यांना आपली जाहिरात बारडोलीत खरंच वाजते याची खात्री वाटत नसे. ते गाडी काढून बारडोलीला जात, उसाच्या शेताकडेला गाडी लावून मोबाईल कानाला धरत आणि दुसऱ्या मोबाईलवरून मला फोन करत, "निर्मलाबेन, लागी!" पुढच्या मध्यंतराला पुन्हा, "निर्मलाबेन, लागी!" मी त्यांच्यावर कधी चिडले नाही. माझं काम कान लावून ऐकणारा जगात तो एकच माणूस होता.

आता दगाजीआबांकडे येते.

दगाजीआबा नवागामचे. अमळनेरजवळच्या एका खेड्यातून तरुणपणी सुरतेला आले आणि आयुष्यभर पॉवरलूमवर राबले. लूमचं काम सुटल्यावरही ते इथेच राहिले होते, एका कपड्याच्या गोदामावर रखवालीला. त्यांची बायको सिंधूबाई गावी. घर, दोन म्हशी आणि थोडी कोरडवाहू जमीन तिच्या अंगावर. आमच्याकडच्या कितीतरी जोडप्यांचा संसार असाच झाला आहे. नवरा सुरतेत, बायको गावात, मध्ये तापी लाईनची गाडी आणि आता मोबाईल.

आबा बासरी वाजवत. वस्तीतल्या भजनात त्यांची बासरी रेखानं ऐकली आणि त्यांना एका रविवारी कार्यक्रमात बोलावलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला आमच्याकडे बायका झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात, त्यांच्या चाली ते वाजवणार होते. आबांनी गावी फोन करून सिंधूबाईला सांगितलं. तिनं शेजारणीच्या सुनेकडून तिचा मोबाईल आणि छोटा स्पीकर मागून आणला आणि अर्धी गल्ली ओट्यावर गोळा केली.

त्या दिवशी आबा धुतलेलं धोतर, पांढरी टोपी अशा थाटात आले. काचेपलीकडून मी ऐकत होते. काय वाजवलं म्हणून सांगू! त्या चालींमध्ये झोका वर जातो तिथे सूर लांबवायचा असतो. आबा तो इतका लांबवत की आपलाच जीव वर अडकून राही. कार्यक्रम संपल्यावर आमच्या सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. नवागामचे लोक फोन करून वाहवा करत होते. आबा खूष होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. चेहरा उतरलेला. आल्या आल्या रेखाला म्हणाले, "बाई, माझ्याशी कुणाचं वैर आहे का इथं?"

"का हो आबा?"

"बठ्ठा गाव हासना माले." बठ्ठा म्हणजे सगळा. "मी आठे बासरी वाजाडस, अन् तठे खतनी जाहिरात वाजस! हाई काय जादू शे?"

सिंधूबाईनं फोनवर त्यांना सुनावलं होतं, "काहीच आयकू उनं नही," म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. बायकांना बोलावून बसवलं, चहा केला, आणि बासरी सुरू होऊन जरा रंगात आली की एक माणूस ओरडायला लागे, की कपाशीची वाढ खुंटली आहे का? तो थांबला की दोन क्षण बासरी, की पुन्हा तोच कपाशीवाला. शेवटी एक म्हातारी उठता उठता म्हणाली, "सिंधू, तुझा नवरा खत चांगलं विकतो."

आम्हाला खरं वाटेना. मी तिन्ही गावांच्या नोंदी काढून पाहिल्या. अमळनेरला खत वाजलं होतं, बारडोलीला त्याच क्षणी ट्रॅक्टर, आणि नवापूरला दागिन्यांचं दुकान. रेखानं बटणाला हातही लावला नव्हता. सुरतेचा कार्यक्रम थेट स्टुडिओतून जात असल्यामुळे आम्हाला आणि नवागामच्या लोकांना काहीच कळलं नव्हतं. आबांची बासरी सगळ्या सुरतेनं ऐकली होती. ज्या एका ओट्यासाठी ती वाजवली होती, तिथेच ती पोचली नव्हती.

मला वाटलं सॉफ्टवेअर अडखळलं असेल. ते नव्यानं बसवलं आणि रेखानं आबांना पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच झालं. या वेळी तर खतवाल्या दुकानदाराचाही फोन आला. तो आनंदात होता. ठरल्यापेक्षा किती तरी जास्त वेळा त्याची जाहिरात लागली होती. बाकीच्या दोन गावांचे जाहिरातदार मात्र रागावले होते, लोक आपल्या दुकानाला हसतात म्हणून.

आमचे केंद्रप्रमुख हितेशभाई भला माणूस, पण कटकट नको असलेला. ते म्हणाले, "निर्मलाबेन, वांसळी बंध करो ने, वात पूरी. बासरी बंद, विषय संपला. थेट गाणं-वाजवणंच नको. रेकॉर्ड केलेली गाणी लावू."

"भाई, मग हा कार्यक्रम उरतो कशाला? लोक आपल्या माणसाचा आवाज ऐकायलाच तर लावतात."

"पण जाहिरातवाले जातील तर कार्यक्रमच जाईल."

ते खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, "मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी खांदे उडवले. मी ते हो समजले.

लॅपटॉप घेऊन मी नवागामला आबांच्या खोलीवर गेले. एका खोलीत चार माणसं राहायची, बाकीचे तिघे पाळीला गेले होते. आबांनी मला बसायला खाट दिली आणि स्वतः उंबऱ्यात बसले. त्यांच्या मनातून संशय गेला नव्हता.

"ताई, खरं सांगा. मी शेठ लोकांचा कुणी नाही म्हणून मला मधेच बंद करतात ना?"

"आबा, तुम्ही वाजवा. तुमच्या डोळ्यांनीच बघा."

शिट्टी ओळखणारं तेच सॉफ्टवेअर मी लॅपटॉपवर सुरू केलं. त्यात एक गोल ठिपका असतो. शिट्टी ओळखली की तो लाल होतो. आबांनी बासरी ओठाला लावली. चाल सुरू झाली, ठिपका हिरवाच. झोका वर गेला, आबांनी सूर लांबवला, आणि ठिपका लालबुंद झाला. सूर सोडला, पुन्हा हिरवा. परत धरला, परत लाल.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसाच्या गळ्यातून एक सूर निघाला तरी त्यात कितीतरी सूर मिसळलेले असतात. हार्मोनियमचंही तसंच. पण बासरीचा वरचा सूर बराच एकटा, स्वच्छ असतो, आणि आमची शिट्टीही तशीच एकटी, स्वच्छ. आबांच्या बासरीचा तो सूर नेमका आमच्या शिट्टीच्या उंचीचा होता. कॉम्प्युटरनं तरी काय करावं? साधा वाजवणारा असता तर सूर थोडा हलला असता, लवकर तुटला असता, आणि यंत्रानं तो सोडून दिला असता. आबा तो यंत्रासारखा स्थिर धरत होते.

मी त्यांना हे सांगितलं. ते लाल ठिपक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा सूर धरला, पुन्हा लाल केला, आणि एकदम हसायला लागले. हसता हसता टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे बटण मीच दाबत होतो?"

"तुम्हीच. आणि आमच्यापेक्षा चांगलं."

रोग कळला, औषध सापडायचं होतं. शिट्टीची उंची बदलून भागलं नसतं. आज आबांची बासरी, उद्या दुसऱ्या कुणाची वेगळ्या पट्टीची बासरी, परवा सनई. मी ठरवलं, एका सुराऐवजी दोन सूर एकाच वेळी वाजवायचे. एक बासरी एका वेळी दोन सूर काढू शकत नाही. टेलिफोनच्या बटणांचे असे जोडसूर तयारच असतात. आपण बटण दाबल्यावर टुक् असा जो आवाज येतो, त्यात दोन सूर एकत्र असतात. आमच्या सॉफ्टवेअरला ते ओळखता येत होते. मी त्यातलाच एक घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत नवागामला गेले.

आता यंत्राला फसवून बघायचं होतं. आबांनी वाजवलं. वरचा सूर धरला. ठिपका हिरवा! आबांनी छाती फुटेस्तोवर धरला. हिरवाच.

तोवर दारात बायका जमल्या होत्या. ताई काय करते आहे हे त्यांना आबांनीच सांगितलं, आणि मग सगळी गल्ली यंत्राच्या मागे लागली. एकीनं कुकर आणून माझ्या शेजारच्या शेगडीवर चढवला. शिट्टी झाली, ठिपका हिरवा. रिक्षावाल्या भाऊंनी हॉर्न वाजवला. कुणी देवघरातली घंटा आणली, कुणी झांजा. एक बाई दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी वाजवती झाली की तिची सासू बघतच राहिली. सगळ्याला ठिपका हिरवा. मी मनातल्या मनात हितेशभाईंना जिंकलं होतं.

एवढ्यात शेजारची शोभा म्हणाली, "थांबा, यांना विचारते आज डबा नेला का," आणि जुन्या बटणांच्या मोबाईलवर नवऱ्याचा नंबर दाबायला लागली. टुक् टुक् टुक्. ठिपका लाल.

सगळ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. माझा चेहरा पडला. मी फोनचाच सूर उसना घेतला होता आणि फोन तर आमच्या कार्यक्रमात सतत येतात! श्रोता थेट बोलत असताना त्याचा अंगठा बटणावर पडला की तीन गावांत जाहिराती सुरू. हे रविवारी घडलं असतं तर माझं आणि आबांचं दोघांचंही दुकान बंद होतं.

शोभा घाबरली. "ताई, काही बिघडलं का माझ्याकडून?"

"बाई, तू माझी अब्रू वाचवलीस," मी म्हटलं.

घरी येऊन मी जोडसूर स्वतः बांधायला घेतला. फोनमध्ये नसलेले, कुठल्याच पेटीत-बासरीत शेजारी न बसणारे दोन सूर निवडले. एकत्र वाजवले तर दात आंबावेत असे. त्याच्यामागोमाग तसाच दुसरा जोड. दोन्ही जोड लागोपाठ, ठरल्या क्रमानं आले आणि त्या वेळी दुसरा आवाज अगदी मंद असला, तरच यंत्रानं मानायचं. मग केंद्रातले जुने कार्यक्रम त्या यंत्राला ऐकवले. भजनं, मुलाखती, वरातीचे बँड, सगळं. ठिपका एकदाही लाल झाला नाही. रेखानं बटण दाबलं की मात्र प्रत्येक वेळी झाला. त्या दोन दिवसांत मी घरात कुणाशी नीट बोलले नाही आणि भात दोनदा करपला. तरी इतका आनंद मला नोकरीत फार वेळा झालेला नाही.

बारडोली आणि नवापूरचे कॉम्प्युटर मी सुरतेत बसूनच बदलले. अमळनेरच्या कॉम्प्युटरला मात्र नेमका त्या आठवड्यात लांबून हात लावता येईना; तो एका मोबाईल दुकानाच्या माळ्यावर ठेवलेला होता आणि तिथलं इंटरनेट त्या दिवसांत कार्यक्रम वाहून आणण्यापुरतंच चालत होतं. शनिवारी मी गाडी धरली आणि स्वतः गेले. काम झालं, पण परत फिरायचं मन होईना. सुरतेच्या खोलीत बसून मी तीन ठिपके बघितले असते. मला तो ओटा बघायचा होता. बटण रेखाच्या हाती होतं, ती चुकणार नव्हती. मी आबांच्या गावी मुक्कामाला गेले.

सिंधूबाई म्हणजे उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू लावणारी बाई. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला खालीवर न्याहाळलं.

"म्हणजे ती जाहिरात तुम्ही लावत होत्या?"

"मी नाही हो. आता लागणार नाही."

"बायका येणार नाहीत उद्या," ती म्हणाली. "दोनदा हसून झाल्या."

पण सकाळी आल्या. शहरातून बाई आली आहे म्हणजे काहीतरी गंमत असेल, अशा हिशेबानं आल्या असाव्यात. ओट्यावर स्पीकर ठेवला. 'तुझा नवरा खत चांगलं विकतो' म्हणणारी म्हातारीही खांबाला टेकून बसली. रेखाचा आवाज आला, तिनं आबांचं नाव घेतलं, आणि बासरी सुरू झाली.

मला त्या वेळचं ऊन आठवतं आणि म्हशीच्या गळ्यातली घंटा आठवते. चाल वर चढली. झोका वर गेला. आबांनी सूर धरला. आता कपाशीवाला ओरडतो की काय! सूर चालूच राहिला. लांब, सरळ, ओट्यावरून खाली उतरून गल्लीत गेला असावा असा. आणि मग अलगद खाली आला. एक बाई नकळत गुणगुणायला लागली, मग दुसरी. ज्या चाली त्यांनी पोरीबाळी असताना झोक्यावर म्हटल्या होत्या, त्या तिथे सुरतेहून येत होत्या. म्हातारी डोळे मिटून मान हलवत होती. पुन्हा लांब सूर, पुन्हा काही नाही. सिंधूबाई मात्र कुणाकडे न बघता, स्पीकरपाशी मान कलती करून बसली होती.

बासरी संपली. रेखा म्हणाली, थोड्याच वेळात परत येऊ. मी स्पीकरजवळ सरकले. तिकडे तिनं बटण दाबलं असणार. आणि बरोबर त्याच क्षणी, एक अक्षर न कापता, मधे कसलाही खरखराट न होता, तो माणूस म्हणाला, "कपाशीची वाढ खुंटली आहे का?"

मी ओट्यावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. खताच्या जाहिरातीला टाळ्या वाजवणारी मी जगातली पहिलीच बाई असेन. बायका पोट धरून हसल्या, मीही हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. माझं सगळं काम माझ्या कानांनी, ज्या माणसांसाठी ते केलं त्यांच्यामध्ये बसून, मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बायका पांगल्यावर पाहिलं तर सिंधूबाई आत गेली होती. मला वाटलं, गहिवरली असेल. ती परत आली ती दोन पुरचुंड्या घेऊन. एकीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, माझ्या प्रवासाला. दुसरी आबांसाठी. ती माझ्या हातात देताना म्हणाली,

"ताई, त्यास्ना दम तुटस."

मला कळलं नाही. "कुणाचा?"

"यांचा. दुसऱ्या चालीत दोनदा तुटला. वरचा सूर धरायच्या आधी चोरून श्वास घेतात. पूर्वी असं नव्हतं. हा माणूस एका दमात पूर्ण झोका न्यायचा." मग तिचा आवाज खाली आला. "फोनवर विचारलं की बरं आहे म्हणतात. माले सांगतस नही. लूमवर कापसाची पूड खाल्लीय आयुष्यभर. तुम्हीन त्यास्ले डाक्टरकडे लई जा."

मी ती बासरी तीन रविवार ऐकली होती. त्यातल्या एका सुराची उंची मी यंत्रावर मोजली होती. तो किती वेळ टिकतो, किती हलतो, सगळं मला ठाऊक होतं. तो सूर धरणाऱ्या माणसाला धाप लागते आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर ते मनात राहिलं, पण वाईट असं वाटलं नाही. उलट कुठेतरी छाती भरून आली होती. आधीच्या दोन रविवारी त्या ओट्यावर बासरीचे तुकडे पोचले होते. तुकड्यांतून कुणाला काय कळणार? या वेळी सगळं पोचलं, श्वासासकट, म्हणून तिला कळलं. मी आवाज नेणारी बाई. तो असा गेला पाहिजे, की तिकडच्या माणसाला वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. याहून मोठं प्रमाणपत्र मला कुणी दिलं नाही, आणि आता ज्यासाठी द्यावं ते कामही शिल्लक नाही. आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये शिट्टीच नसते. आवाजाबरोबर मुकी खूण जाते आणि काम होतं. चांगलंच आहे ते. तरी मला त्या दात आंबवणाऱ्या दोन सुरांची कधीकधी आठवण येते.

आबांचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. त्यांना मी आणि शोभा दवाखान्यात घेऊन गेलो. छातीचा फोटो काढला, तपासण्या झाल्या. फुप्फुसं दुखावलेली होती, पण वेळेत आले म्हणून औषधं आणि पंप लागू पडले. डॉक्टरांनी गोदामातल्या धुळीत राहायला सक्त मनाई केली, तेव्हा आबांनी सुरत सोडली. आता ते गावी आहेत, म्हशी बघतात. बासरीही वाजवतात, थोडी थोडी, मधे थांबून. सिंधूबाई ती समोर बसून ऐकते, त्यामुळे तिथे माझी गरज नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दवाखान्याच्या बाकावरचं. आबा चिडले होते. मला काही झालेलं नाही, उगाच खर्च, असं म्हणत होते. सिंधूबाईची पुरचुंडी त्यांच्या मांडीवर होती, अजून सोडलेली नव्हती.

"तुम्हाला कुणी सांगितलं माझा दम तुटतो म्हणून? मी खोलीतल्या माणसांनाही कळू दिलं नाही."

"सिंधूबाईंनी."

"तिनं कुठं पाहिलं मला? आखाजीपासून मी गावाला गेलो नाही."

"पाहिलं नाही. ओट्यावर बसून ऐकलं. दुसऱ्या चालीत, दोनदा, वरच्या सुराच्या आधी."

आबांनी मांडीवरच्या पुरचुंडीची गाठ चाचपली. आतून नर्सनं त्यांचं नाव पुकारलं, तरी उठले नाहीत. शोभा त्यांच्या दंडाला धरून उठवायला लागली, तेव्हा त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे वळले. चिडकेपणा चेहऱ्यावरून पार गेला होता.

"म्हंजे," ते म्हणाले, "तिले बठ्ठं आयकू उनं."